बोरीला अडकलेली लोकर

फार पूर्वी शेळ्यांच्या कळपात झिपरी नावाची पोरकी मेंढी वाढली. दमट हवेत तिची लोकर फुगून कुरळी व्हायची.

“अवदसा मेली! आमच्यात असलं चालायचं नाही,” म्हणत म्हातारी गंगी शेळी लोकर सरळ करायला तिला बोरीच्या काट्यांतून ओढत न्यायची. झिपरी कळवळायची, थोर मंडळी नुसत्या माना डोलवायची. लोकर सरळ झालीच नाही, डाव्या कुशीची तेवढी उपटली गेली.

एका दुपारी गारा कोसळल्या. करडं गारठली. गरज पडल्यावर थोरांची जीभ कशी मऊ होते!

“झिपरे, बाई माझी, लेकरांना जवळ घे गं!”

झिपरीने सगळ्यांना घेतलं. गंगीचा नातू शेवटी आला. त्याला डावी कूसच उरली.

“आजे, इथं लोकरच नाही गं,” तो कुडकुडत म्हणाला.

गंगीने बोरीकडे पाहिलं. काट्यांना लोकर भिजत लोंबत होती.