चकलीचा ठसा

रिळांचे कॅमेरे होते, त्या काळची ही गोष्ट. दर दिवाळीच्या सुट्टीत चार मित्र जमायचे आणि आपापल्या लेन्स एकमेकांना वापरायला द्यायचे. त्यातली पितळी नावाची लेन्स सगळ्यांत जास्त फिरलेली. हाताळून हाताळून तिचा काळा रंग उडाला होता आणि खालचं पितळ उघडं पडलं होतं.

चौघांतल्या देवस्थळींची लेन्स, मखमली, मात्र मखमलीच्या डबीतूनच दर्शन द्यायची. तिची झळाळी पाहून पितळी हरखून जायची.

“किती हातांतून जातेस गं!” मखमली नाक मुरडायची. “मला वारासुद्धा लागत नाही.”

एका दिवाळीत डबी उघडली आणि सगळे पुढे वाकले. बंद डबीच्या दमट हवेत काचेच्या आत बुरशीनं जाळं धरलं होतं.

“मला तर कुणी बोटही लावलं नव्हतं!” मखमली रडकुंडीला आली.

देवस्थळींनी तिला खिडकीत, पितळीशेजारी ठेवलं.

“घे, ऊन खा,” पितळी म्हणाली. “बुरशी वाढायची थांबते. मग फिरून ये.”

संध्याकाळी मखमली चौघांच्या हातांतून फिरून आली. अंगावर चकलीच्या तेलाचा ठसा होता.

“पुसायला सांगू का?” पितळीनं विचारलं.

“राहू दे गं,” मखमली म्हणाली.