गाठ न मारलेला शब्द

फार फार वर्षांमागं, व्यापाऱ्यांचे तांडे सहा-सहा महिने पायी चालत त्या काळी, एका राजाच्या पदरी नागोजी नावाचा दुभाष्या होता. परमुलखातलं कुणी दरबारात आलं की त्याचं बोलणं राजाला समजावून सांगायचं, हे काम त्याच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेलं.

त्या घराण्याची एक रीत होती, बरं का. परका माणूस बोलू लागला की दुभाष्यानं उपरण्याचं टोक हातात धरायचं. आपल्यासारखा वाटणारा शब्द कानी पडला की एक गाठ मारायची. बोलणं संपल्यावर एकेका गाठीवर बोट ठेवून विचारायचं, "हा शब्द तुमच्याकडे कशाला म्हणतात?" उत्तर मिळालं की गाठ सोडायची. सगळ्या गाठी सुटल्या की मगच राजापुढे तोंड उघडायचं.

नागोजीचा बाप सांगायचा, "पोरा, अनोळखी शब्द दगा देत नाही, कारण तो आपण विचारतोच. दगा देतो तो ओळखीचा. काही शब्द एकाच आईची लेकरं, पण निरनिराळ्या घरी वाढलेली. काहींचं तर नातंच नसतं. आपण हाल झाले म्हणतो, तो हाल अरबांच्या गलबतातून आला. कानडी गवळी हालु म्हणतो, ते दूध. आता कोण कुणाचा?"

तरुण होता तोवर नागोजी गाठी मारायचा. पुढे नाव झालं, राजानं त्याच्या हातात सोन्याचं कडं घातलं, आणि भर दरबारात सोपे सोपे शब्द विचारायची त्याला लाज वाटू लागली. लोक म्हणतील, एवढंही याला येत नाही? उपरणं नुसतंच खांद्यावर राहू लागलं.

एके वर्षी देवळासाठी मोठी घंटा ओतायला राजानं पूर्वेच्या समुद्रकाठचा एक ओतारी बोलावला. बनमाळी त्याचं नाव. भातकापणीला परत येतो, असं म्हाताऱ्या आईला सांगून आलेला. तीन महिने तो साच्यापाशीच जेवला, साच्यापाशीच निजला. पण साच्याच्या मातीत कुठंतरी ओल राहिली, आणि पहिल्याच टोल्याला घंटा तडकली. सगळा गाव जमलेला, आणि घंटा फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली.

राजानं बनमाळीला जाब विचारला. तो रडत रडत भराभर बोलला. नागोजीला त्याची भाषा बेताचीच यायची, मिठाच्या व्यापाऱ्यांकडून उचललेली. अर्धं बोलणं निसटून गेलं. एक शब्द मात्र तीनदा आला, अगदी आपला, घरचा. चेष्टा. नागोजीनं तेवढाच घट्ट धरला आणि उरलेलं त्याच्याभोवती रचलं. हात उपरण्याकडे गेलासुद्धा, पण सगळा दरबार बघत होता. चेष्टा म्हणजे काय, हे का विचारायचं असतं?

"महाराज, हा म्हणतो, मी घंटेची चेष्टा केली."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. राजाचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं स्वतःच विचारलं, "चेष्टा केलीस तू?"

बनमाळीनं तो शब्द ओळखला. आपलं म्हणणं राजाला पोचलं, असं बिचाऱ्याला वाटलं. डोळे पुसून तो मान डोलावू लागला. "चेष्टा, चेष्टा," म्हणाला आणि थोडा हसलासुद्धा. त्याच दिवशी त्याला दगडाच्या खाणीवर धाडलं.

दोन वर्षं गेली. एकदा नदीच्या घाटावर पूर्वेकडचे यात्रेकरू उतरले होते. एक बाई आपल्या लहान मुलीला भरली कळशी उचलायला शिकवत होती. कळशी डुचमळायची, पाणी सांडायचं, पोरगी पुन्हा वाकायची. आई म्हणत होती, "चेष्टा कर, चेष्टा कर." नागोजी पायरीवरच थांबला. तिथं कुणीच कुणाची थट्टा करत नव्हतं.

कित्येक वर्षांनी त्यानं उपरण्याला गाठ मारली. "माय, हा शब्द तुमच्याकडे कशाला म्हणतात?"

"जीव लावून झटण्याला, दादा," बाई म्हणाली. "नाही जमलं तर पुन्हा झटण्याला."

संस्कृतातला तो शब्द, नुसत्या हातापायांच्या हालचालीचा. त्या मुलखात जाऊन मेहनत झाला, आपल्याकडे येऊन टिंगल झाला. शब्दाचा काय दोष? एक कष्टाळू माणूस दोन वर्षं दगड फोडत होता, कारण नागोजीला विचारायची लाज वाटली होती.

ही गोष्ट दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. गप्प बसला असता तर मान राहिला असता, कडंही राहिलं असतं. बोलावं तर राज्याचा कायदा साफ होता. दुभाष्याच्या चुकीनं कुणी शिक्षा भोगली, तर तेवढेच दिवस दुभाष्यानं त्याच्या जागी भोगायचे. नागोजी साठीला टेकलेला. त्याला भीती वाटली, फार वाटली. उन्हं उतरेपर्यंत तो घाटावर बसून होता. उत्तर मिळालं होतं, तरी गाठ सोडायला हात धजेना.

सकाळी ती गाठ तशीच घेऊन तो राजापुढे उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं.

"दोन वर्षांत कुणाला कळलं नाही," राजा म्हणाला. "मग आज का सांगतोस?"

"मला कळलं, महाराज."

राजा म्हणाला, "मीही एकदाच विचारलं, आणि तेही तुझ्याच शब्दानं." तो उठला आणि नागोजीला घेऊन पायीच खाणीवर गेला.

बनमाळीच्या हातातला घण राजानं स्वतः काढून घेतला. नागोजीनं तुटक तुटक माफी मागितली, एकेक शब्द त्यालाच विचारून. नवी घंटा ओतशील का, असं राजानं विचारलं, तेव्हा बनमाळीनं हात पुढे केले. बोटं सरळ होत नव्हती.

"साच्याचं काम आता या हातांना जमायचं नाही," तो म्हणाला. "मला आईकडे जाऊ द्या. ती आहे की नाही, तेही मला माहीत नाही."

नागोजीला मान वर करवेना. त्यानं कडं काढून बनमाळीला वाटखर्चीला दिलं. निघताना बनमाळीनं एवढंच मागितलं, की ती तडकलेली घंटा वितळवू नका, दरबाराच्या दारात टांगा, आणि परक्याचं ऐकण्याआधी तिचा आवाज ऐका. तो वाटेला लागला, आणि नागोजीनं घण उचलला.

दोन वर्षांनी नागोजी परतला तो पाठीत वाकून. राजानं त्याला पुन्हा त्याच जागी उभं केलं. पहिल्याच दिवशी दूरचा एक वाटसरू दरबारात आला. नागोजीनं आधी दारातल्या घंटेवर टोला दिला. तसाच बद्द आवाज आला. मग त्यानं उपरण्याचं टोक हातात धरलं.

वाटसरू म्हणाला, "पानी."

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. नागोजीनं गाठ मारली आणि विचारलं, "बाबा, पानी तुमच्याकडे कशाला म्हणतात?"

तात्पर्य, लहानथोरांनो, एवढंच: अनोळखी शब्दाचा अर्थ सगळेच विचारतात, ओळखीच्या शब्दाचाही विचारावा, कारण न विचारल्याची शिक्षा आधी दुसराच भोगतो.