तीन चोचींचा घास

एका राज्यात समुद्र दिवसातून दोनदा राजवाड्याच्या पायऱ्यांशी येई आणि ओहोटीला कोसभर चिखल उघडा टाकून जाई. राजा मणिधराला दातृत्वाची भारी हौस. दुसऱ्याला काय हवे ते विचारायची मात्र सवय नव्हती. चिखलात चोची खुपसणारी पाखरे पाहून त्याला लाज वाटली. "माझ्या राज्यात कोणी चिखल चिवडणार नाही," असे म्हणत त्याने भरतीला बांध घातला आणि पाखरांपुढे केशरी भाताची ताटे मांडली. हौसेला मोल नसते म्हणतात. या हौसेचे मोल पाखरांनी दिले.

चिखल वाळला. भरल्या ताटांपाशी कितीतरी पाखरे उपाशी मेली, उरली ती उडून गेली. तेव्हा म्हातारा कोरल पक्षी दरबारात आला आणि म्हणाला, "राजा, तुझी लेकही भरल्या ताटावर उपाशी राहील."

त्या दिवसापासून राजकन्या कुंदेच्या तोंडात घास गेला की त्याची वाळू होई.

राणी मेघावती अनवाणी कोरलाकडे गेली. "पक्षिराज, उःशाप द्या."

"तीन चोचींना जेवू घाल. पण ज्याला त्याला ज्याचे त्याचेच अन्न."

पहिल्या दिवशी आखूड चोचीचा चिखल्या आला. तो नजरेने हेरून चिखलाच्या वरवरचे टिपणारा. राणीने घागरी ओतून माती भिजवली, तेव्हा दोन बारीक खेकडे वर आले. दुसऱ्या दिवशी तुतवार आला. त्याची चोच बोटभर, चाचपून खाणारी. राणीने नखे तुटेतो उकरले आणि चार शिंपले काढले. तिसऱ्या दिवशी कोरल स्वतः आला. त्याची चोच वीतभर, बाकदार. त्याचे अन्न खोल बिळातला किडा, आणि तो भरतीवाचून जागा होत नाही.

"महाराज, बांध फोडा," राणीने विनवले.

"त्यावर माझे नाव कोरले आहे. आणि भातात काय उणे होते, राणी?"

पोटची पोर वाळत चालली होती आणि हा नावाला जपत होता! राणीने स्वतः कुदळ उचलली. बांध फुटला. पाणी आत आले आणि राणीला घेऊन गेले.

ओहोटीला बिळांतून किडे जागे झाले. कोरलाने चोच खुपसून एक ओढला, गिळला. त्याच क्षणी कुंदेला घास गोड लागला. "आईला बोलवा," ती म्हणाली. कोणी हलले नाही.

शाप सरला, पाखरे परतली, राज्याची घडी बसली. दरवर्षी राणीच्या श्राद्धाला राजा केशरी भाताचे ताट घेऊन चिखलाशी उभा राहतो. एकही पाखरू शिवत नाही.

"अजून रागावली आहेत," तो म्हणतो.

"तात, ही पाखरे भात खात नाहीत," कुंदा दरवर्षी सांगते.

राजा ताट आणखी थोडे पुढे सरकवतो.