वेगळा ऐकू आलेला आवाज

हिवरगडच्या दरबारातला गायकवृंद दरवर्षी राणीसाहेबांच्या पुण्यतिथीला समाधीपाशी एकत्र प्रार्थना गात असे. वृंदातल्या सर्वांत वृद्ध मथुराबाई. राणीसाहेबांना पहिला स्वर त्यांनीच शिकवला होता.

त्या वर्षी कारभाऱ्यांनी आपल्या मेहुण्याला वृंदात घुसवलं. प्रार्थना संपली तेव्हा महाराजांचे डोळे पाणावले होते. तेवढ्यात कारभारी पुढे झाले.

"सरकार, मी कान देऊन ऐकत होतो. मथुराबाईंचा आवाज कुठेच ऐकू आला नाही. आता त्यांना घरी बसवावं. आमच्या मेहुण्यांचा आवाज मात्र शेवटपर्यंत वेगळा ऐकू येत होता."

मथुराबाईंनी मान खाली घातली. वृंदाचे प्रमुख केदारबुवा हात जोडून उठले.

"कारभारीसाहेबांनी अचूक ऐकलं, सरकार. पण एकत्र गाताना कुणाचाच आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. ज्याचा येतो, त्याला आम्ही घरी बसवतो."

महाराज समाधीकडे वळले. मग हलकेच म्हणाले, "मथुराबाई, प्रार्थना पुन्हा होऊ द्या. मेहुणे इथे आमच्याशेजारी बसून ऐकतील."