टेकडीवरचा सरळ धूर

समुद्राला अगदी चिकटून एक गाव होतं. आपल्यासारख्याच शनिवार तेल्यांचं, बरं का. सहा दिवस घाणे फिरायचे आणि शनिवारी माणसं काय, बैलसुद्धा निवांत. त्यांचे पूर्वज फार लांबून गलबतातून आले होते. तिकडे डोंगरावर त्यांच्या देवाचं मंदिर होतं. शत्रूनं ते पाडलं, म्हणून बिचारे निघाले. आपल्या किनाऱ्याशी गलबत फुटलं. पोथ्या बुडाल्या, थोडी माणसं तेवढी वाचली.

मग काय, रोज संध्याकाळी म्हातारे ओट्यावर बसून त्या मंदिराच्या आठवणी काढायचे. सोन्याचा दिवा होता म्हणे. धूप घातला की वाऱ्यातसुद्धा धूर काठीसारखा सरळ वर जायचा म्हणे. पाहिलं कुणीच नव्हतं, पण डोळे सगळ्यांचे भरून यायचे. सर्वांत म्हातारे हसाजी. त्यांची नजर गेली होती. मरायच्या आधी एकदा तरी त्या मंदिरात उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा.

हसाजींची नात मिल्का, मोठी फटकळ. एकदा ती म्हणाली, "आबा, किती वर्षं नुसतं बोलताय? बांधा की."

मग म्हातारे राजाकडे गेले. वाड्यातले सगळे दिवे यांच्याच तेलावर जळायचे, तेव्हा राजा नाही कसा म्हणेल? त्यानं एक टेकडी दिली. पण म्हणाला, अवसेला सूर्य बुडायच्या आत तिथे दिवा लागला तर टेकडी तुमची. नाही लागला तर माझी मला परत.

मग पहिल्यांदा बांधलं. दार पूर्वेला की पश्चिमेला, यावरून एलोजी आणि सामाजी हे दोन म्हातारे असे भांडले, असे भांडले, की भांडता भांडता दोघांनी मिळून भिंतच पाडली. हसू नका रे, ऐका.

मग दुसऱ्यांदा बांधलं. वेदीच्या दगडाला लोखंड लागू द्यायचं नाही, एवढं कुणाला तरी आठवलं. म्हणून छिन्नी न लावता किनाऱ्यावरचे गोल गोटे आणून एकावर एक रचले. ते सगळे घरंगळत परत समुद्रात.

मग तिसऱ्यांदा बांधलं. या खेपेला सरळ जांभ्याच्या भिंती उभ्या केल्या. झकास झालं. फक्त छप्पर राहिलं आणि दिवा राहिला. आणि अवस आली नेमकी शनिवारी.

म्हातारे म्हणाले, एकच शनिवार काम करू, देव समजून घेईल.

तर मिल्का दारात आडवी बसली. एलोजी ओरडले, सामाजी ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा दोघं एका बाजूला. ती हलली नाही. म्हणाली, "पोथ्या बुडाल्या, सगळं विसरलो. हा एक शनिवार तेवढा हातात राहिला. तोच मोडून कुणाचं घर बांधताय?"

मग हसाजी काठी टेकत आले. सगळ्यांना वाटलं, आता नातीला रागावणार. ते खाली बसले, तिच्या शेजारी, दारातच. म्हणाले, "आता मलाही ओलांडून जा."

कोण जाणार? सूर्य बुडाला. राजा आला, दिवा नाही हे पाहिलं आणि टेकडी परत घेतली. हसाजी नुसता भिंतीवरून हात फिरवत राहिले.

मग आभाळात तीन चांदण्या दिसल्या. शनिवार सरला. निघण्याआधी मिल्कानं मलिद्याचं ताट मांडलं, आपण आपल्या संदेष्ट्यासाठी, एलियाहू हन्नाबीसाठी मांडतो ना, तसंच. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, केळी. निखाऱ्यावर ऊद टाकला. तेवढ्यात पांढऱ्या घोड्यावरून एक वाटसरू आला. भूक लागली म्हणाला. मिल्कानं पहिली मूठ त्यालाच दिली. खाता खाता त्यानं वर पाहिलं.

"छप्पर राहिलं वाटतं?"

"राहिलं," मिल्का म्हणाली.

"राहू दे."

आणि काय सांगू, समुद्राचा वारा सोसाट्यानं वाहत होता, पण उदाचा धूर काठीसारखा सरळ उठला आणि छपराच्या मोकळ्या जागेतून थेट चांदण्यांत गेला. त्या धुराला खांब फुटले, दारं फुटली, मधोमध सोन्याचा दिवा पेटला. हसाजी उठून उभे राहिले. म्हणाले, "मिल्का, दार पूर्वेलाच होतं गं."

त्यांना दिसत होतं, बरं का.

राजा अजून टेकडीवरच होता. त्यानं मुकुट काढून हातात घेतला, मलिदा खाल्ला आणि टेकडी देऊन टाकली. वाटसरू मात्र कुणाला सापडला नाही. कातळावर घोड्याच्या टापेची खूण तेवढी उमटली होती.

त्या भिंतींवर गावानं कधी छप्पर घातलं नाही. हसाजी पुढे पुष्कळ जगले. सामाजी म्हणत राहिले की दार पश्चिमेलाच होतं. तरी सगळी सुखात राहिली.

मिटा आता डोळे. उद्या शनिवार. घाणा कुरकुरणार नाही, कुणी उठवणार नाही.