सातुर्निनाने वाचलेला कागद

"लिहिता-वाचता येत असेल तरच मत!" डॉन अनासेतोंनी टेबलावर मूठ आपटली. "कायदाच आहे तसा!"

साल होतं १९५६. पेरू देशात बायका पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्ष निवडणार होत्या, पण साक्षर असतील त्याच. डोंगरातल्या एका गावात नावनोंदणीचे प्रमुख होते जमीनदार डॉन अनासेतो. आज शेवटचा दिवस होता आणि समोर उभी होती त्यांचीच स्वयंपाकीण, सातुर्निना.

बावन्नाव्या वर्षी ती धान्याच्या पोत्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकली होती. शिकली म्हणजे काय, 'मीठ' वाचून होईपर्यंत कालवण करपायचं! "माझं डोकं बटाट्याचं," ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, "फरक इतकाच, की बटाटा लवकर शिजतो." पण मत तिला हवंच होतं. जन्मभर दुसऱ्यांनी ठरवलेलं शिजवलं, आता एकदा तरी आपण ठरवायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

स्वयंपाकिणीचं आणि आपलं मत सारखंच मोजलं जाणार, हे मालकांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी कागदावर मुद्दाम चार वेड्यावाकड्या रेघोट्या मारल्या आणि तो तिच्यापुढे सरकवला. "मी काय लिहिलंय ते वाच! नाही वाचलंस तर नाव नाही!"

सातुर्निनाने कागद सुलटा धरला, उलटा धरला. घ्या! आधीच आमची अक्कल अशी, त्यात हे अक्षर असं! मग घसा खाकरून तिने ठणठणीत वाचलं, "'सातुर्निनाला उत्तम वाचता येतं. तिचं नाव ताबडतोब लिहा. अनासेतो.'"

रांगेतल्या बायका खिदळल्या.

"साफ खोटं!" मालक ओरडले. "असं मी लिहिलेलंच नाही!"

"असेल हो, मालक. मी पडले मठ्ठ! तुम्हीच वाचून दाखवा की."

मालकांनी कागद तिच्या हातातून ओढून घेतला. "यात... यात काहीच लिहिलेलं नाही!"

"अगं बाई!" सातुर्निना शेजारी नावं लिहीत बसलेल्या कारकुनाकडे वळली. "दादा, मग मालकांचंही नाव खोडा! मला निदान वाचता तरी येतं. यांना तर लिहिताच येत नाही!"

मालकांनी डोळे वटारले आणि मग पोट धरून असे हसले, की खुर्ची करकरली.

"लिही रे हिचं नाव! आणि बाकीच्या बायकांना छापील पुस्तक दे वाचायला." सही करायला त्यांनी आपलं सोनेरी टाकाचं पेन तिला देऊनच टाकलं. "पण मत कुणाला देणार, ते तरी सांग!"

"मतदान गुप्त असतं, मालक," सातुर्निना म्हणाली. "दारावरच्या पत्रकातलं एवढं एक वाक्य वाचायला मला आठवडा लागलाय, ते काय फुकट घालवू?"