आईचा खडा आणि चिमूटभर लाख

एका गावात अंबूताई नावाच्या जाणत्या कारागीर बाईंनी चांदीचे दागिने घडवायला शिकवण्याचा वर्ग काढला होता. त्या वर्गात सगुणा नावाची एक मुलगी आली. हात जड, पण जिद्द मोठी! तिच्या आईनं जाताना माणकाचा एक सुटा खडा मागं ठेवला होता. धाकटी बहीण कालिंदी हिच्या लग्नात तो आपल्या हातच्या अंगठीत बसवून द्यायचा, असा सगुणानं पणच केला होता.

चांदीची पातळ पट्टी वळवून खड्याचं घर करायचं आणि मग तिचा काठ खड्यावर दाबून बसवायचा, असं ते काम. बघायला सोपं, करायला बसलं की घाम फुटतो. सगुणाचं घर सैल झालं. खडा आत खुळखुळू लागला. लग्न तर तोंडावर आलेलं.

शेजारी बसणारी शेवंता हळूच म्हणाली, "खाली थोडी लाख भर की. वरून कुणाला दिसतंय?"

सगुणानं लाख भरली. खडा गप्प बसला. अंबूताईंनी अंगठी वरवर पाहिली आणि शाबासकी दिली. साऱ्या वर्गानं कौतुक केलं. सगुणाला मात्र ते गोड लागेना. तिनं कात्री उचलली आणि सगळ्यांसमोर ते घर कापून काढलं.

"अगं, वेड लागलं का तुला?" अंबूताई ओरडल्या.

"बाई, आत लाख आहे. कालिंदी गरम पाण्यात हात घालेल, लाख मऊ होईल आणि आईचा खडा मोरीतून वाहून जाईल. मला पुन्हा शिकवा."

अंबूताईंनी पुन्हा शिकवलं. पट्टी कधी आखूड पडे, कधी आच जास्त होऊन वितळून जाई. बोटं भाजली. पण लग्नाचा मुहूर्त कुणासाठी थांबतो? कालिंदी रिकाम्या बोटानं बोहल्यावर उभी राहिली. "मोठी आली सोनारीण!" म्हणत पाहुण्या बायकांनी नाकं मुरडली. सगुणाच्या ते फार जिव्हारी लागलं. तरी मांडव उतरताच ती पुन्हा वर्गात जाऊन बसली.

कालिंदी पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा अंगठी तयार होती. तिनं ती बोटात घातली आणि जेवणं झाल्यावर सवयीनं गरम पाणी घेऊन भांडी घासायला बसली.

"अगं, अंगठी काढ! खडा पडेल!" आत्या ओरडली.

सगुणा म्हणाली, "राहू दे, आत्या. कालिंदी, तू घास."

तात्पर्य: लोकांनी वाखाणलेलं काम आपल्याला कच्चं ठाऊक असेल, तर ते मोडून पुन्हा करावं. उशिराचे टोमणे चार दिवसांत विरतात, पक्कं काम जन्मभर टिकतं.